चारचौघांत बोलायची भीती आणि त्यावरचं संशोधन : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात सोशल फोबियाबद्दल, म्हणजे चारचौघांत बोलायच्या-वावरायच्या भीतीच्या आजाराबद्दल लिहिलं आणि एवढी पत्रं आली की सगळी एका अंकात मावणारच नाहीत. बऱ्याच जणांनी फिरवून फिरवून एकच विचारलंय, यावर खरंच उपचार आहेत का, आणि असले तर ते चालतात हे कोणी आणि कसं तपासलंय. म्हणून या वेळी संशोधनाबद्दलचे प्रश्न घेतलेत. नावं कोणाचीच छापत नाहीये, पत्रं थोडक्यात दिलीत.

प्रश्न : ताई, मी २३ वर्षांचा आहे. घरचे म्हणतात हा लहानपणापासून लाजाळू आहे, नोकरी लागली की सुटेल. पण कोणी बघत असताना सही करायची म्हटलं तरी माझा हात थरथरतो, आणि अशी सही करायची आहे हे कळल्यापासून चार दिवस झोप लागत नाही. हा स्वभाव आहे की आजार?

लाजाळू माणूस नवीन लोकांत पहिली दहा-पंधरा मिनिटं गप्प बसतो, मग हळूहळू खुलतो आणि घरी गेल्यावर विसरून जातो. तुझं तसं नाहीये. चार दिवस आधी झोप उडते, सही करताना हात थरथरतो आणि नंतर, तू लिहिलं नाहीयेस पण मला जवळपास खात्री आहे, रात्री पडल्या पडल्या तोच सीन डोक्यात परत परत चालतो. सहा महिने किंवा जास्त असं चाललंय आणि त्यापायी शिक्षण, काम, ओळखीपाळखी अडायला लागल्यात, तर त्याला डॉक्टर आजार म्हणतात आणि तो तपासून घ्यावा.

घरच्यांचा दोष नाही, वैद्यकशास्त्रालाही हे उशिराच कळलं. १९६६ मध्ये आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर या मानसोपचारतज्ज्ञांनी दाखवलं की वेगवेगळ्या भीती वेगवेगळ्या वयात सुरू होतात, प्राण्यांची भीती अगदी लहानपणी आणि लोकांची भीती वयात येताना. सोशल फोबिया हे नाव अमेरिकेतल्या मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत आलं ते १९८० मध्ये. त्यानंतरही १९८५ साली अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मायकेल लिबोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना लिहावं लागलं की हा दुर्लक्षित राहिलेला आजार आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात, २००५ साली छापलेल्या, हा आजार असलेल्या निम्म्या लोकांना तो १३ वर्षांच्या आतच सुरू झालेला दिसला. म्हणजे अभ्यास, मैत्री, पहिला इंटरव्ह्यू, सगळं त्याच्या सावलीतच होतं आणि माणसाला वाटतं आपण असेच आहोत. नोकरी लागली की आपोआप सुटेल यावर विसंबून राहू नकोस.

प्रश्न : माझ्या बहिणीला एका क्लिनिकल ट्रायलबद्दल विचारलंय. १२ आठवड्यांची आहे म्हणे. औषधाच्या ऐवजी नुसती साधी गोळी मिळू शकते असं फॉर्मवर लिहिलंय. हे म्हणजे माणसांवर प्रयोगच झाले ना? आजारी माणसाला खोटी गोळी द्यायची हे मला पटत नाही.

तुमचा राग समजतो मला, बहिणीच्या काळजीपोटी आलाय तो. मी काही वर्षं अशा ट्रायल्समध्ये लोकांच्या मुलाखती घेऊन स्कोर लावायचं काम केलंय, त्यामुळे आतून कसं चालतं ते सांगते.

आधी खोट्या गोळीचं. तिला प्लासिबो म्हणतात, दिसायला अगदी औषधासारखीच पण आत औषध नाही. कोणाला कुठली मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टर निवडत नाहीत, आणि ट्रायल संपेपर्यंत ते ना पेशंटला माहीत असतं ना तपासणाऱ्याला. एवढा खटाटोप का, तर या आजारात नुसत्या साध्या गोळीवरही बऱ्याच लोकांना बरं वाटतं. पॅरॉक्सेटिन या औषधाची १९९८ मध्ये छापलेली ट्रायल घ्या, १८७ लोक, ११ आठवडे गोळ्या. औषध घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक बरेच सुधारले. प्लासिबोवाल्यांपैकी जवळपास २४ टक्के! आता हा दुसरा गट ठेवलाच नसता तर सगळे ५५ टक्के औषधाच्या खात्यावर गेले असते, आणि तेच औषध मग तुमच्या बहिणीला देताना डॉक्टरांनी आपल्याला दुप्पट आशा दाखवली असती.

साध्या गोळीवर माणूस सुधारतो कसा, हा प्रश्न मला त्या कामात असताना रोज पडायचा. थोडं आपोआप होतं, त्रास कमी-जास्त होतच असतो आणि लोक ट्रायलला येतात ते बहुतेक तो जास्त असताना. थोडं आशेमुळे. पण सोशल फोबियात अजून एक गोष्ट असते असं माझं मत आहे. जो माणूस अनोळखी लोकांना टाळत आलाय तो ठरलेल्या दिवशी उठून येतो, अनोळखी माणसासमोर बसतो आणि ज्याबद्दल आयुष्यात कोणाशी बोलला नाही त्याबद्दल बोलतो. एक जण आठवतात, पहिल्या भेटीत फॉर्मचा कागद दोन्ही हातांनी टेबलावर दाबून धरलेला, थरथर दिसू नये म्हणून, आणि माझ्याकडे न बघता उत्तरं देत होते. सहाव्या भेटीपर्यंत कागद एका हातात आला होता. त्यांना कुठली गोळी होती ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि माहीत नसणंच बरोबर होतं, नाहीतर मी स्कोर लावताना नकळत झुकले असते.

तो स्कोर म्हणजे बहुतेक ट्रायल्समध्ये लिबोविट्झ यांनीच १९८७ मध्ये केलेली प्रश्नावली. २४ प्रसंग असतात, लोकांसमोर जेवणं, फोन करणं, मीटिंगमध्ये बोलणं, वस्तू दुकानात परत करणं वगैरे, आणि प्रत्येकाला दोन आकडे द्यायचे, भीती किती वाटते आणि टाळता किती, दोन्ही ० ते ३. बेरीज जास्तीत जास्त १४४. मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण भीती थोडी राहिली तरी माणूस टाळायचा थांबला की त्याचं आयुष्य परत सुरू होतं.

आता प्रयोगाबद्दल. हो, प्रयोग आहेच, ते कोणी लपवूही नये. म्हणूनच आधी एथिक्स कमिटीची परवानगी लागते, सगळं समजावून लेखी संमती घ्यावी लागते, आणि मधेच कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येतं. त्यावरून तिचे नेहमीचे उपचार अडवता येत नाहीत. सही करायच्या आधी तिने हे विचारावं : प्लासिबो मिळायची शक्यता किती, मधे त्रास वाढला तर काय करणार, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा, ट्रायल संपल्यावर प्लासिबोवाल्यांना खरे उपचार मिळणार का, आणि आत्ता चालू असलेल्या गोळ्यांचं काय. उत्तरं द्यायला जे लोक घाई करतात तिथे सही करू नये. आणि कृपा करून हे प्रश्न तिच्या वतीने तुम्ही विचारू नका, तिच्या शेजारी बसा आणि तिलाच विचारू द्या, कितीही वेळ लागला तरी.

प्रश्न : ट्रायलला पैसे औषध कंपन्याच देतात. मग निकालावर विश्वास कसा ठेवायचा?

डोळे झाकून ठेवायचाच नाही. २०१५ मध्ये काही संशोधकांनी अमेरिकेच्या औषध नियामकाकडच्या, म्हणजे एफडीएच्या फायली काढल्या आणि चिंतेच्या आजारांवरच्या डिप्रेशनच्या गोळ्यांच्या ५७ ट्रायल्स तपासल्या (याच गोळ्या चिंतेवरही देतात, आणि सोशल फोबिया हा चिंतेचाच एक आजार). एफडीएच्या हिशेबाने त्यातल्या ४१ मध्ये औषध जिंकलं होतं, म्हणजे ७२ टक्के. पण जर्नल्समध्ये लेख म्हणून छापून आलेल्या ४५ पैकी ४३ मध्ये निष्कर्ष औषधाच्या बाजूने होता, म्हणजे ९६ टक्के. हरलेल्या ट्रायल्स एकतर छापल्याच नाहीत नाहीतर वेगळ्या सुरात मांडल्या. मला याची चीड येते, कारण त्या न छापलेल्या ट्रायल्समध्येही कोणीतरी थरथरत्या हाताने सही केलेलीच होती ना. आता ट्रायल सुरू व्हायच्या आधीच सार्वजनिक रजिस्टरमध्ये नोंदवायची पद्धत आलीये ती यासाठीच, म्हणजे नंतर गायब करता येऊ नये. तरी यावरून गोळ्या निरुपयोगी आहेत असं समजू नका, सगळं धरूनही त्या प्लासिबोपेक्षा सरस निघाल्यात. फक्त जेवढं छापलं गेलं त्याहून थोडं कमी धरायचं.

प्रश्न : सायकियाट्रिस्टनी मला गोळ्या दिल्यात, मैत्रीण म्हणते थेरपी कर, गोळ्यांची सवय लागते. संशोधन काय सांगतं, गोळ्या की थेरपी? की दोन्ही?

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत, म्हणून जरा सविस्तर.

२०१४ मध्ये एक मोठा अभ्यास आला, १०१ ट्रायल्स आणि १३ हजारांवर लोक एकत्र धरून ४१ प्रकारचे उपचार एकमेकांशी ताडून पाहिलेले. त्यात एकेकट्याने घ्यायची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हीवर काम करणारी थेरपी, सगळ्यात वर आली आणि सुरुवात तिच्यापासून करावी असं त्यांनी म्हटलं. ज्यांना थेरपी नको आहे त्यांना एसएसआरआय गटातल्या गोळ्या, म्हणजे डिप्रेशनवर देतात त्यातल्याच. तुमच्या गोळ्या बहुतेक याच गटातल्या असतील, आणि त्या झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या गोळ्यांसारखी चटक लावत नाहीत. मात्र एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोप बिघडणं असं होऊ शकतं, म्हणून मैत्रिणीचं ऐकून आज रात्रीपासून बंद असं करू नका. कमी करायच्या तर डॉक्टरांशी बोलून हळूहळू.

दोन्ही एकदम घेतलं तर दुप्पट फायदा, असं वाटणं साहजिक आहे. २००४ च्या एका ट्रायलमध्ये २९५ लोकांवर हे तपासलं, १४ आठवडे. फ्लुओक्सेटिन या त्याच गटातल्या गोळीवर सुमारे ५१ टक्के सुधारले, गटाने घेतलेल्या सीबीटीवर ५२, दोन्ही मिळून ५४, नुसत्या प्लासिबोवर ३२. म्हणजे दोन्ही एकत्र केल्याने फारसं काही वाढलं नाही, आणि कुठलाही उपचार घेतला तरी जवळपास निम्म्या लोकांना पुरेसा फरक पडला नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पहिला उपचार लागू पडला नाही की लोक स्वतःलाच दोष देतात आणि परत जातच नाहीत. पहिला नाही तर दुसरा करून बघायचा असतो.

थेरपीचा फायदा जास्त दिसतो तो नंतर. १९९८ मध्ये छापलेल्या एका ट्रायलमध्ये फेनेल्झिन या जुन्या औषधाची आणि ग्रुप सीबीटीची तुलना होती, १३३ लोक. औषधाने लवकर फरक पडला. पण पुढे उपचार थांबवल्यावर लोकांवर लक्ष ठेवलं तर त्रास परत येण्याकडे कल औषधवाल्या गटात जास्त दिसला.

थेरपीत नेमकं करतात काय हेही पुष्कळांनी विचारलंय. १९९५ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी या भीतीचं एक चित्र मांडलं. चारचौघांत गेलं की माणसाचं सगळं लक्ष आत वळतं, आपला चेहरा लाल झाला का, आवाज कापतोय का. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचं राहूनच जातं आणि आतून जसं वाटतंय तसंच बाहेरून दिसतंय असं तो धरून चालतो. मग लपवायच्या युक्त्या सुरू होतात, ग्लास घट्ट पकडणं, वाक्य मनात तीनदा म्हणून मग बोलणं, दाराजवळची खुर्ची धरणं. या युक्त्यांमुळेच तो अवघडलेला दिसतो, आणि काही विपरीत घडलं नाही तरी श्रेय युक्तीला जातं, भीती जिथल्या तिथे.

म्हणून थेरपीत एक प्रयोग करतात. पेशंटने एखाद्या अनोळखी माणसाशी दोनदा गप्पा मारायच्या, एकदा सगळ्या युक्त्या वापरून आणि स्वतःवर लक्ष ठेवून, एकदा युक्त्या सोडून, लक्ष समोरच्यावर ठेवून. दोन्हीचं व्हिडिओ शूटिंग. बघायच्या आधी त्याला विचारतात की तुम्ही कसे दिसाल, किती लाल, किती थरथर, करून दाखवा. मग व्हिडिओ लावतात आणि सांगतात, हा कोणी परका माणूस आहे असं समजून बघा. मी स्वतः हे बघितलंय. एक मुलगी म्हणाली होती की माझे हात इतके कापत होते की समोरच्याने नक्की मोजले असतील, आणि मग स्क्रीनवर ती आपले हात शोधत बसली. थांबवून, मागे नेऊन परत बघितलं. हात मांडीवर शांत पडलेले होते. ती काही बोलली नाही, नुसती म्हणाली, परत लावता का. क्लार्क यांच्या गटाने २००३ मध्ये ६० लोकांवर या थेरपीची फ्लुओक्सेटिनशी तुलना केली तेव्हा थेरपी पुढे गेली, आणि वर्षभरानेही तो फायदा टिकून होता. असा थेरपिस्ट मिळत असेल तर मी तरी तिथूनच सुरुवात करा म्हणेन. मिळत नसेल किंवा सोबत डिप्रेशन जास्त असेल तर गोळ्या घेण्यात काहीही कमीपणा नाही.

ध्यानाबद्दलही दोघांनी विचारलंय. २०२२ मध्ये आलेल्या एका ट्रायलमध्ये चिंतेचे वेगवेगळे आजार असलेल्या २७६ लोकांना ८ आठवडे एकतर माइंडफुलनेसचा, म्हणजे ध्यानाच्या एका प्रकाराचा, कोर्स किंवा एस्सिटालोप्रॅम गोळी दिली, आणि कोर्स गोळीपेक्षा कमी पडला नाही. पण तो रोज ४५ मिनिटं सराव आणि आठवड्याला क्लास असा कोर्स होता, मोबाइलवर पाच मिनिटं डोळे मिटणं नव्हे.

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. वर्गात एक शब्द बोलत नाही. पाहुणे आले की तिच्या वतीने मीच उत्तर देते, नाहीतर ती रडते. एवढ्या लहान मुलांवर उपचारांचा अभ्यास झालाय का? गोळ्या द्यायला मी तयार नाही.

झालाय, आणि चांगला झालाय. २००८ मध्ये ७ ते १७ वयाच्या ४८८ मुलांची ट्रायल छापून आली, सोशल फोबिया, आईवडिलांपासून दूर राहायची भीती आणि सततची चिंता यापैकी काही असलेली मुलं. १२ आठवड्यांनी सीबीटीवाल्यांपैकी जवळपास ६० टक्के बरीच सुधारली, सर्ट्रालिन गोळीवर ५५, दोन्ही मिळून ८१, प्लासिबोवर २४. बघा, मुलांमध्ये दोन्ही एकत्र केल्याचा फायदा दिसला. पण नुसती सीबीटीही भरपूर करते, त्यामुळे तिच्यापासून सुरुवात करायची तुमची इच्छा योग्यच आहे. पुढे कधी डॉक्टरांनी गोळी सुचवली तर पहिले काही आठवडे तिच्या मूडवर, स्वतःला इजा करायच्या बोलण्यावर बारीक लक्ष ठेवावं लागतं, हे आत्ताच माहीत असू द्या.

आता तुमच्याबद्दल, आणि हे मी रागावून म्हणत नाहीये. मुलगी रडायला लागली की कुठलीही आई हेच करेल. पण तुम्ही उत्तर दिलंत की तिची सुटका होते आणि पुढच्या वेळी ती तुमच्याकडेच बघते. २०२० मध्ये १२४ मुलांची एक ट्रायल झाली, त्यात एका गटात मुलांना थेरपी दिली आणि दुसऱ्या गटात फक्त आईवडिलांना शिकवलं, मूल थेरपिस्टकडे आलंच नाही. काय शिकवलं, तर मुलाला म्हणायचं की तुला अवघड जातंय हे मला कळतं आणि तुला जमेल असंही मला वाटतं, आणि मग त्याच्यासाठी जे जे आपण करतो ते हळूहळू कमी करायचं. निकाल मुलांच्या थेरपीइतकाच चांगला आला. तुम्ही घरी आधी तिला सांगून ठेवा की अमुक पाहुण्यांनी नाव विचारलं तर मी दहा आकडे मोजेपर्यंत थांबणार आहे. नुसतं नाव, बाकी काही नाही. ते दहा आकडे तुम्हाला तिच्यापेक्षा जड जातील.

प्रश्न : प्रेझेंटेशनच्या आधी मित्र प्रोप्रॅनोलॉल घेतो. दुसरा एक पेग घेऊन जातो. चालेल का?

प्रोप्रॅनोलॉलने धडधड आणि थरथर कमी होते, म्हणून स्टेजवरच्या एखाद्या प्रसंगापुरतं डॉक्टर कधी कधी देतात. पण दमा असेल, नाडी मुळातच कमी असेल तर धोका आहे, मित्राच्या पाकिटातली घेऊ नका. आणि रोजच्या, सगळीकडच्या भीतीवर याचा उपयोग दिसत नाही, १९९२ च्या एका ट्रायलमध्ये याच प्रकारचं अटेनोलॉल प्लासिबोच्या पुढे गेलं नाही. पेगबद्दल स्पष्टच सांगते, नको. या आजाराला दारूच्या व्यसनाची जोड लागलेली फार घरं पाहिलीत मी.

प्रश्न : ताई, हा मेल लिहायला मला तीन दिवस लागले. उपचार घ्यायचे आहेत, पण क्लिनिकमध्ये फोन करणं, रिसेप्शनला नाव सांगणं, बाहेर बसणं हेच तर जमत नाही. मग मी काय करू?

तीन दिवस लागले तरी पाठवलास ना, मला फार बरं वाटलं. तुझ्यासारखे खूप जण याच उंबऱ्यावर अडकतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये जगभरात ३० कोटी लोकांना चिंतेचा कुठला ना कुठला आजार होता आणि उपचार मिळतात ते साधारण चारातल्या एकाला.

स्वीडनमधल्या संशोधकांनी यावर खूप काम केलंय. सीबीटी धड्यांच्या रूपात इंटरनेटवर, घरी वाचायची, स्वाध्याय करायचे आणि थेरपिस्ट लेखी उत्तर देतो, आठवड्याला काही मिनिटंच. २०११ मध्ये १२६ लोकांवर तिची समोरासमोरच्या ग्रुप थेरपीशी तुलना झाली आणि ती कमी पडली नाही. पण ज्या कोर्समध्ये मागे खरा थेरपिस्ट आहे, तुझे स्वाध्याय वाचून उत्तर देणारा, असाच निवड, नुसतं ॲप उतरवून लोक अर्ध्यात सोडून देतात. आणि धडे घरी वाचायचे असले तरी स्वाध्याय बाहेर जाऊनच करायचे असतात, कोणाला वेळ विचारायची, दुकानात एक प्रश्न विचारायचा, हे आधीच सांगून ठेवते.

समोर जायचंच ठरवलंस तर फोनच करायला हवा असं नाही. बहुतेक ठिकाणी मेसेज किंवा मेल चालतो. मजकूर मीच देते, कॉपी कर आणि फक्त नाव घाल, जास्त सुधारत बसू नकोस :

"नमस्कार, मला सोशल फोबियाचा त्रास आहे असं वाटतं. फोनवर बोलणं अवघड जातं म्हणून मेसेज करतेय. पहिली भेट दिवसातली शेवटची मिळेल का, आणि माझं नाव मोठ्याने पुकारू नये ही विनंती."